आधी जोडावे की आधी सुधारावे? – मोठ्या फोटोंविषयी थोडेसे



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कपाटाच्या तळाशी किंवा भारतातून आणलेल्या ट्रंकेत, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखादा मोठा ग्रुप फोटो असतो. शाळेचा शेवटचा वर्ग, लग्नाला जमलेली मंडळी, सिनेगॉगचे कार्यकारी मंडळ. पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर उभी. आता मुलांना आणि नातवंडांना तो फोटो कॉम्प्युटरवर हवा असतो. म्हणून आपण तो स्कॅन करायला घेतो आणि पहिल्याच पायरीवर अडतो, कारण फोटो स्कॅनरच्या काचेवर मावत नाही.

घरगुती स्कॅनरची (इथल्या दुकानात याला 'सोरेक' म्हणतात) काच साधारण २१ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब असते. आपला फोटो त्याहून मोठा. म्हणजे तो दोन, तीन किंवा चार तुकड्यांत स्कॅन करायचा आणि ते तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे. डोंगरावरून दिसणारे सगळे शहर चार-पाच फोटोंत घेऊन एक लांब चित्र करतात, ज्याला पॅनोरमा म्हणतात, त्याच जातीचे हे काम आहे. मग प्रश्न येतो: फोटो पिवळा पडला आहे, फिका झाला आहे, डाग आहेत. ही सुधारणा तुकड्यांवर आधी करावी, की तुकडे जोडून झाल्यावर?

थोडक्यात उत्तर असे. सगळ्या तुकड्यांना सारखीच लागू पडणारी दुरुस्ती आधी करावी, आणि तीही सगळ्यांना अगदी एकाच मापाने. चित्र एकसंध दिसल्यावरच जिचा निर्णय करता येतो, ती नंतर करावी. आपल्या आया-आजींना हे शिवणकामातून ठाऊक होते. सुती कापड आटायचे असेल तर ते शिवण्याआधी भिजवत, सगळे एकाच बादलीत. अर्धे भिजवलेले आणि अर्धे कोरे असे कापड शिवले, तर पहिल्या धुण्यालाच शिवण ओढली जाई. काठ दुमडणे, जादा कापड कापणे आणि इस्त्री हे मात्र शेवटी.

कॉम्प्युटर जोडतो कसा?

हे कळले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. शेजारच्या दोन तुकड्यांत काही भाग दोन्हीकडे आलेला असावा लागतो. कॉम्प्युटर त्या भागातल्या खुणा शोधतो: कोटाचे बटण, खुर्चीचा कोपरा, भिंतीवरची चीर. डाव्या तुकड्यातली खूण उजव्या तुकड्यात कोठे आहे ते पाहून तो एक तुकडा दुसऱ्यावर बसवतो, लागेल तेवढा सरकवतो, फिरवतो, वेळप्रसंगी ताणतो. मग दोन्हींचा उजेड जुळवतो आणि सांध्यावर एकाचा रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळतो. सांधा लपवण्याची एक चांगली पद्धत बर्ट आणि अ‍ॅडेलसन या दोघांनी १९८३ साली मांडली. आकाश, भिंत अशा मोठ्या पसरट छटा रुंद पट्ट्यात मिसळायच्या आणि केस, अक्षरे असे बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. त्यामुळे सांधा दिसत नाही आणि बारकावेही पुसट होत नाहीत. आजची पुष्कळ सॉफ्टवेअर याच रीतीने चालतात.

म्हणजे सॉफ्टवेअर दोन तुकड्यांच्या सारखेपणावर विसंबून असते. आपण डावा तुकडा उजळ केला आणि उजवा जरा कमी उजळ, तर तेच बटण दोन ठिकाणी दोन रंगांचे होते. कधी ते सापडतच नाही. सापडले तरी मधोमध उभा पट्टा दिसतो.

हे दुखणे जुनेच आहे. फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराने १८५८ साली लखनौची लांब दृश्ये टिपली, ती एकेक भाग वेगळा घेऊन आणि कागदावरचे ठसे शेजारी शेजारी ठेवूनच. त्या काळी प्रत्येक ठसा वेगळा धुतला जाई. एखादा जरा गडद झाला की जोड उघडा पडे. आज रसायने गेली, पण तो धोका तसाच आहे.

स्कॅन करताना

खरी अर्धी लढाई इथेच जिंकता येते.

१. स्कॅनरमधल्या 'आपोआप' सुधारणा सगळ्या बंद कराव्यात. उजेड, रंग, धूळ काढणे, ठळकपणा, सगळेच. आपोआप चालणारे यंत्र प्रत्येक तुकड्याकडे स्वतंत्रपणे पाहते. एका तुकड्यात पांढऱ्या साड्या जास्त आणि दुसऱ्यात काळे कोट जास्त, तर ते पहिला गडद करील आणि दुसरा उजळ. आपण काही न करताच दोन तुकडे वेगळे झाले.

२. सगळ्या तुकड्यांना एकच रिझोल्यूशन ठेवावे. कागदावरच्या फोटोला इंचाला ६०० ठिपके पुरतात.

३. शेजारच्या तुकड्यात निदान एक तृतीयांश भाग पुन्हा यावा. समजा, फोटो ६० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर उंच आहे. २१ सेंटिमीटरचा एक तुकडा घेतला, तर दर वेळी फोटो १४ सेंटिमीटरच सरकवावा. चार तुकड्यांत काम होते.

४. फोटो काळापांढरा असला तरी रंगीत स्कॅन करावा. पिवळा डाग निळ्या छटेत गडद दिसतो आणि लाल छटेत फिका. तिन्ही छटा हाती असल्या, तर पुढे डाग कमी करणे सोपे जाते. आधीच काळापांढरा केला, तर ती सोय गेली.

५. दुसऱ्या टोकासाठी फोटो उलटा फिरवू नये. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो. खरखरीत किंवा रेशमी पोताच्या कागदावर त्याची चमक एका दिशेने पडते. फोटो फिरवला की दुसऱ्या तुकड्यात ती उलट दिशेने पडते. झाकण आड येत असेल तर ते उघडे ठेवून वर काळे कापड घालावे.

६. पुठ्ठा वाकला असेल तर दाबून सपाट करू नये, जुना पुठ्ठा मोडतो. काचेपासून वर उचललेला भाग अंधुक येत असेल, तर स्कॅनरचा हट्ट सोडावा आणि खिडकीशेजारी, थेट ऊन पडत नाही अशा जागी ठेवून कॅमेऱ्याने फोटो घ्यावा.

जोडण्याआधी काय करावे?

फारच थोडे. स्कॅन चांगला झाला असेल तर काहीच नाही. मात्र कॅमेऱ्याने तुकडे घेतले असतील, तर भिंगामुळे आलेले दोष आधी काढावेत. बहुतेक भिंगांत चौकटीचे कोपरे मधल्यापेक्षा काळसर येतात. तसेच तुकडे जोडले तर आकाशात किंवा भिंतीवर लाटांसारखे काळे-पांढरे पट्टे उमटतात. 'हगिन' नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर जोडतानाच हा काळसरपणा आणि उजेडातला फरक मोजून काढते. ते वापरणार असाल, तर हे काम त्याच्यावर सोपवावे.

पांढऱ्याचा समतोलही आधी सारखा करावा. (हिब्रू मेनूत हा 'इझून लवान'. पांढरी वस्तू पांढरीच दिसावी, पिवळी किंवा निळी नको, म्हणून तो असतो.) एका तुकड्यावर माप ठरवावे आणि तेच आकडे बाकीच्यांना द्यावेत. प्रत्येक तुकडा डोळ्यांनी पाहून वेगळा जुळवायला जाऊ नये. आपला डोळा लबाड आहे, शेजारी गडद रंग असला की तोच करडा त्याला फिका वाटतो. कॅमेऱ्याच्या आतील काचेवर धुळीचा कण असला, तर त्याचा ठिपका प्रत्येक तुकड्यात त्याच जागी येतो. तोही आधीच काढावा.

आणि तीन गोष्टी आधी मुळीच करू नयेत. तुकडा कापू नये (मेनूत 'खितूख'), कारण भिंगाचा मध्य चौकटीच्या मध्याशी आहे असे धरूनच सॉफ्टवेअर हिशेब करते. कडा कापल्या की तो मध्य सरकतो. तुकडा ताणून सरळ करू नये, ते काम जोडताना होणारच आहे. आणि ठळकपणा ('खदूत') वाढवू नये. ठळक करणे म्हणजे कडांच्या दोन्ही बाजूंना बारीक उजळ-गडद रेषा घालणे. जोडताना चित्र थोडे ताणले जाते, त्या रेषाही ताणल्या जातात आणि चेहऱ्यांभोवती कडी पडल्यासारखे दिसते.

जोडताना

स्कॅनचे तुकडे सपाट कागदाचे असतात. त्यांना फक्त सरकवायचे आणि थोडे फिरवायचे असते, वाकवायचे नसते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये निवड करताना लक्ष ठेवावे. फोटोशॉपच्या 'फोटोमर्ज'मध्ये 'रिपोझिशन' फक्त सरकवते, 'कोलाज' फिरवतेही. ग्रुप फोटोला हीच दोन योग्य. गोल वळवणारे पर्याय डोंगरदऱ्यांच्या दृश्यांसाठी आहेत. ते वापरले, तर टोकाला बसलेली माणसे रुंद किंवा वाकडी होतात.

जोडून झाल्यावर लगेच पुढे जाऊ नये. चित्र मोठे करून सांध्याच्या रेषेवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवावी. दोन डोळ्यांची उंची, नाक, ओठ, हाताची बोटे, खाली छापलेली नावे. सांधा चेहऱ्यातून जात असेल तर तो दोन माणसांच्या मधल्या जागेत सरकवावा. एक तृतीयांश भाग दोन्हीकडे घेतलेला असतो, तो यासाठीच उपयोगी पडतो.

जोडल्यावर

आता चित्र एक झाले. इथून पुढे मोकळेपणाने काम करावे, पण क्रमाने. आधी चित्र सरळ करावे आणि कडा कापाव्यात. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव, तारीख किंवा नावांची ओळ असेल तर तेवढी राहू द्यावी. मग पिवळेपणा काढावा. मग उजेड ('बेहिरूत') आणि काळ्या-पांढऱ्यातील अंतर ('निगूदियूत') ठरवावे. हे आधी तुकड्यांवर ठरवता येत नाही, कारण सर्वांत पांढरी साडी डावीकडे असेल आणि सर्वांत काळा कोट उजवीकडे. दोन्ही एका नजरेत आल्यावरच अंतर किती हवे ते कळते. त्यानंतर ओरखडे आणि डाग. तेही आधी काढले असते, तर दोन्ही तुकड्यांत आलेला तोच ओरखडा दोन वेळा दोन रीतींनी बुजवला गेला असता, आणि सांध्यावर दोन वेगळी ठिगळे भेटली असती. शेवटी ठळकपणा, तोही बेताने.

या सर्व वेळी फाइल 'टिफ' प्रकारात ठेवावी. 'जेपेग' फाइल दर वेळी बदलून साठवताना थोडा तपशील टाकून देते. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १६ बिटांच्या टिफमध्ये ६५,५३६. फिका फोटो गडद करताना पायऱ्या थोड्या असल्या, की गालावर आणि आकाशात पट्टे पडतात. सगळे संपल्यावर नातवंडांना पाठवायला जेपेगची प्रत काढावी.

येरुशलायमचे दृश्य आणि सिनेगॉगचा गाभा

आता नवे फोटो. ऑलिव्हच्या डोंगरावरून येरुशलायम पाहताना सगळी जुनी तटबंदी एका फोटोत मावत नाही. शहर डोंगराच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून येते आणि दगड उजळतात, म्हणून तुकडे सकाळी घ्यावेत. फोनचा 'पॅनोरमा' वापरला तर फोन फिरवता फिरवताच जोडतो. तिथे आधी सुधारायला काही उरत नाही, फक्त नंतर. बऱ्याच फोनांत पडद्यावर बोट दाबून धरले की उजेड एका जागी पक्का होतो. सुरुवातीलाच, शहराच्या मधल्या भागावर, तो पक्का करावा. मोठ्या कॅमेऱ्याने वेगळे तुकडे घ्यायचे असतील तर उजेड, रंग आणि फोकस तिन्ही हाताने ठरवून सगळ्यांना तेच ठेवावे. कच्च्या म्हणजे 'रॉ' फाइली 'लाइटरूम' जोडते तेव्हा जोडलेले चित्रही कच्च्या फाइलीसारखेच सुधारता येते. तिथे उजेड आणि रंग नंतर ठरवले तरी चालते.

सिनेगॉगच्या आत प्रश्न वेगळा असतो. अलिबागच्या मागेन आबोथसारख्या आपल्या जुन्या सिनेगॉगला भेट द्यायला गेलेली मंडळी आतले सगळे एका चित्रात मावावे म्हणून धडपडतात. कोकणातून येरुशलायम पश्चिमेला, म्हणून हेखालही त्या दिशेला. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडक्या लखलखतात आणि हेखालाचे लाकूड काळे पडते. शक्यतो सकाळी जावे, शब्बाथ आणि सण सोडून, आणि जबाबदार माणसाला विचारून. बाक आणि तेबा जवळ असतात, त्यामुळे तुकडे घेताना आपण पावले टाकत फिरलो तर जवळचे बाक मागच्या भिंतीच्या मानाने सरकतात आणि जोडताना मोडतात. कॅमेरा तिपाईवर, आणि फिरायचे ते भिंगाभोवती. खिडकीसाठी आणि अंधारासाठी वेगळ्या उजेडाचे फोटो घेतले, तर आधी प्रत्येक जागेचे ते फोटो एकत्र करावेत, पण सगळ्या जागांना एकच माप लावून. मग जोडावे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. माणसे हलत असताना पॅनोरमा घेऊ नये. मुलाने मान वळवली की अर्धा चेहरा एका क्षणाचा आणि अर्धा दुसऱ्या क्षणाचा होतो. माणसांचा फोटो घ्यायचा तर मागे सरकून एकाच चौकटीत घ्यावा.

चेहऱ्यांना हात लावू नये

आता फोनवर एक बटण मिळते: जुने चेहरे स्पष्ट करून देणारे. ते दाबण्याआधी थोडे थांबावे. ग्रुप फोटोत एखादा चेहरा अर्धा सेंटिमीटर असतो. ६०० ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये तो उभा-आडवा जेमतेम १२० ठिपक्यांचा होतो. पापण्या, दात, कपाळावरची बारीक रेघ, यांतले बरेच काही मूळ कागदावरच नसते. ते बटण हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले असते आणि नसलेले भरून काढते. चित्र सुंदर दिसते, पण नाक आपल्या आजीचे राहात नाही. ज्या घरात आजीचा तेवढा एकच फोटो आहे, त्या घरातली पुढची पिढी परक्या बाईला आजी समजून बसेल. सांध्यावर दोन अर्धे चेहरे जुळून तिसराच माणूस तयार होणे आणि या बटणाने नवा चेहरा रंगवणे, दोन्हींचे नुकसान सारखेच. उजेड वाढवावा, डाग काढावेत, पण कागदावर नाही ते भरू नये.

काय जपून ठेवावे

प्रत्येक फोटोच्या तीन फाइली ठेवाव्यात. पहिली, मूळ स्कॅनचे तुकडे, जसे आले तसे. दुसरी, जोडलेले पण न सुधारलेले चित्र. तिसरी, सुधारलेले. उद्या अधिक चांगले सॉफ्टवेअर आले, किंवा आपला पिवळेपणा काढण्याचा अंदाज चुकला असे कोणाला वाटले, तर पहिल्या दोन फाइलींवरून पुन्हा काम करता येईल. फोटो दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवू नये, तो लहान करून पाठवला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. आणि स्कॅन झाला म्हणून मूळ पुठ्ठा टाकून देऊ नये.

आता चौथी गोष्ट, जी कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही: नावे. जोडलेल्या चित्राची एक प्रत कागदावर छापावी, प्रत्येक डोक्यावर आकडा टाकावा, आणि वेगळ्या कागदावर रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, नावे लिहावीत. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव देतात, आणि गावावरून आलेले आडनाव एकाच गावच्या अनेक घरांत असते. म्हणून 'सॅम्युएल' एवढेच लिहून भागत नाही. वडिलांचे नाव, आडनाव, आणि स्त्रियांचे माहेरचे नावही लिहावे. ओळख पटत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकून ती प्रत वर्गमित्रांना किंवा भावंडांना दाखवावी. तुकडे जोडण्याचे काम नातू दहा वर्षांनीही करू शकेल. नावे लिहिण्याचे काम आपणच करायचे आहे, तेव्हा ते याच आठवड्यात सुरू करावे.